मान हलवायची सवय

३ फेब्रुवारी

मायन्यात काय लिहावं ते सुचेना. 'सूनबाई' म्हणायचा हक्क कोर्टाने काढून घेतला, आणि नाव घेऊन तुला मी कधी हाकच मारली नाही. तेव्हा मायना रिकामाच सोडते आणि सरळ सुरू करते.

दोन वर्षांनी म्हातारीला पत्र लिहायची हुक्की का आली, फोन का नाही केला, असं तुला वाटेल. फोनवर हल्ली जमत नाही मला. लाइन खराब असते. भिंगरीनेही रविवारचा फोन बंद केलाय, पण तिची काही चूक नाही. आजी सगळ्यालाच 'हो का, छान छान' म्हणत असेल तर नऊ वर्षांच्या पोरीने बोलायचं तरी किती? शेवटच्या फोनवर ती काहीतरी पडल्याझडल्याचं सांगत असावी, आणि मी म्हटलं, 'अरे वा!' पलीकडे एकदम सामसूम झाली. कुठे लागलं होतं तिला? बरी आहे ना?

दुकान चालू आहे. मागच्या खोलीत मी चौकटी जोडते, पुढे काउंटरवर मुलगा बसतो. चित्राभोवतीचे माउंटचे पुठ्ठे पूर्वी तू कापायचीस, त्यासाठी आता एक बाई ठेवलीय. सगळे तिला माउंटवालीच म्हणतात. हात चांगला आहे तिचा, पण बोलत नाही फारसं.

आता एक छोटीशी गोष्ट. विशेष काही नाही. मुलाचं म्हणणं असं की मी विसरायला लागलेय. गिऱ्हाईक सांगतं एक आणि मी करते भलतंच. एकाने काळी चौकट सांगितली, मी कोरी केली, रंग न लावता. मुलाने मला विसरण्याच्या डॉक्टरांकडे नेलं. त्याला वाटतं, दुकान सगळं त्याने बघावं आणि मी वर घरात बसावं. तसं तो म्हणतोही, अगदी प्रेमाने.

डॉक्टर बाई तरुण होत्या, तोंडाला पट्टी. म्हणाल्या, मी पाच शब्द सांगते, ते लगेच म्हणून दाखवा आणि थोड्या वेळाने पुन्हा सांगा. मी म्हणून दाखवले: जेवण, आवाज, यंत्र... बाई माझ्याकडे बघतच राहिल्या. मग त्यांनी पट्टी काढली आणि शब्द कागदावर मोठ्या अक्षरात लिहून पुढे धरले. साबण, जहाज, संत्रं, कुलूप, भिंत. इकडच्या तिकडच्या गप्पा झाल्यावर विचारलं, तर पाचही मी धडाधड सांगितले. त्या म्हणाल्या, "आजी, जे आत गेलंच नाही ते तुम्ही विसरणार कसं?"

आता कान तपासायचेत म्हणे. तपासतील. मला काही ती यंत्रं नकोत. चष्मा लावला की माणूस शहाणा दिसतो, कानात काही घातलं की म्हातारा.

उत्तर पाठवायलाच हवं असं नाही. भिंगरीच्या लागल्याचं तेवढं कळव.


२७ फेब्रुवारी

दोन ओळींचं का होईना, कार्ड आलं. सायकलवरून पडली होती आणि दात अर्धा तुटला! आणि मी 'अरे वा' म्हटलं. तिला सांग, आजीचं डोकं ठिकाणावर होतं, कान नव्हते.

कारण यंत्रं लावली एकदाची. दोन्ही कानांत. ती बसवणाऱ्या बाई वयाने तुझ्याएवढ्या असतील. त्यांनी यंत्र सुरू केलं आणि मी ओरडले, "बंद करा ते!" त्यांना वाटलं कानात दुखलं. त्यांच्या खुर्चीचं चाक कुरकुरत होतं, ते मला असह्य झालं होतं.

घरी तर जत्राच. नळ सोडला की धबधबा. कागद उलटला की कुणीतरी पाचोळ्यातून पळत सुटल्यासारखं. फ्रिज दिवसभर कण्हतो, हे तुम्हा सगळ्यांना माहीत होतं का? माझ्या चपला फटफट वाजतात आणि इतकी वर्षं एकाने मला सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी यंत्रं काढली आणि खणात टाकली. मुलाने पाहिलं आणि हसला. "राहू दे आई, तुला कशाला त्रास," म्हणाला.

पण मला राहवेना. पुन्हा त्या बाईंकडे गेले आणि भांडले. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुमच्या दुकानात नवा माणूस कामाला आला तर पहिल्या दिवशी काय करतो?" मी म्हटलं, डोकं खातो. खिळा पडला तरी विचारतो, हा उचलू का? त्या म्हणाल्या, "तुमचा मेंदू आता तसा नवा माणूस आहे. दहा वर्षं त्याच्याकडे हे आवाज आलेच नाहीत. फ्रिज महत्त्वाचा की समोरचं माणूस, हे तो विसरलाय. शिकेल. पण रोज कामावर आला तरच शिकेल."

मग त्यांनी नीट समजावलं. मला शब्दांतले स्वर पोचत होते, पण स, श, फ, थ असली बारीक अक्षरं वाटेतच गळत होती. उरलेल्या तुकड्यांवरून मेंदू दिवसभर अंदाज बांधत बसायचा. अर्धी ताकद त्यातच जायची, मग लक्षात ठेवायला त्याच्याकडे उरणार काय? मी म्हटलं, म्हणजे आता सगळं आठवेल? तशा सरळ आहेत त्या. म्हणाल्या, "तसं वचन मी देत नाही. काहींना बराच फरक पडतो, काहींना थोडा. पण मेंदूला रिकामं बसवण्यापेक्षा काम दिलेलं बरं, एवढं नक्की."

तेव्हापासून सकाळी उठले की घालते. रोज थोडं वर्तमानपत्र मोठ्याने वाचते, स्वतःचाच आवाज ऐकत. पहिले दिवस डोकं भणभणायचं. आता फ्रिज हळूहळू मागे सरकतोय.

आणि एक सांगायचंच राहिलं. काच कापायची हिरकणी एका दाबाने सरळ गेली की बारीक 'सर्र' वाजते, तुला माहीतच आहे. दाब वाढला की करकरते. अलीकडे माझ्या काचा वेड्यावाकड्या तुटत होत्या आणि मी हाताला दोष देत होते. परवा ती 'सर्र' ऐकू आली. उगाचच दोन जास्तीच्या काचा कापल्या.


२४ मार्च

हे पत्र तिसऱ्यांदा लिहितेय. आधीची दोन फाडली.

यंत्रं केसांखाली झाकली जातात. मुलाला वाटतं ती अजून खणातच आहेत, आणि मीही सांगितलं नाही. का नाही सांगितलं, विचारू नकोस.

सोमवारी एक गृहस्थ गेलेल्या बायकोचा फोटो घेऊन दुकानात आले होते. मुलगा त्यांच्याशी किती गोड बोलला! सगळे म्हणतातच ना, काय मृदू मुलगा आहे तुमचा, कधी आवाज चढवत नाही. मी मागच्या खोलीत पट्टीला डिंक लावत होते. माउंटवालीने पुठ्ठा आणून दिला, तो जरासा कमी पडला. मुलाने तो हातात घेतला, गृहस्थांकडे बघून हसला, आणि तसाच हसत, ओठ न हलवल्यासारखा तिला म्हणाला, "नवरा का सोडून गेला ते रोज नव्याने कळतं मला." लगेच पुढे, "पाचच मिनिटं हं काका."

ती नवीन पुठ्ठा घेऊन बसली. माझ्या बोटांवर डिंक सुकला.

मला वाटलं, चुकीचं ऐकलं असेल. पुढे चार दिवस मी नुसती ऐकत बसले. तिच्याशी तो दिवसातून कितीतरी वेळा असं बोलतो. आवाज सुपारी कातरल्यासारखा, बारीक आणि एकसारखा. त्याचा आवाज कधी चढला नाही, म्हणून माझ्यापर्यंत कधी पोचलाच नाही.

शुक्रवारी आम्ही दोघं जेवत होतो. त्याने मला वाढलं, आणि भांडं खाली ठेवता ठेवता त्याच आवाजात म्हणाला, "बस चघळत. अजून किती वर्षं चघळणार आहेस कुणास ठाऊक." मग मोठ्याने, माझ्याकडे बघून, "हो ना गं आई?"

आणि माझी मान हलली. ऐकू आलं होतं, सगळं, अक्षर न् अक्षर, तरीसुद्धा हलली. इतकी सवय झालीय मानेला.

तेव्हापासून मला एकच दिसतंय. तू घर सोडलंस त्याच्या आदल्या दिवशीचं जेवण. तो काहीतरी बोलला आणि तू ताटावरून मान वर करून माझ्याकडे पाहिलंस. त्याच्याकडे नाही, माझ्याकडे. मी हसले होते, एवढं आठवतं. मला वाटलं तो म्हणतोय, गार वारा येतोय, खिडकी लावू या.

काय म्हणाला होता तो? आणि मी काय म्हणाले? लिहिणं जड जात असेल तर नको लिहूस. पण मला माहीत नाही, खरंच माहीत नाही, हे तुला सांगायचं होतं.


१२ एप्रिल

तुझं पत्र मिळालं. जिन्यातच उभ्या उभ्या वाचलं.

'ते म्हणाले, हिला घरात ठेवलीय ती दया म्हणून, बाहेर हिला कुत्रं विचारणार नाही. हो ना गं आई? आणि तुम्ही हसून म्हणालात, खरंय बाबा.'

तू लिहिलंयस की त्याच्या बोलण्याची तुला सवय झाली होती, माझ्या 'खरंय'ची नव्हती. दुसऱ्या दिवशी तू भिंगरीला घेऊन गेलीस.

मला त्यातलं फक्त 'हो ना गं आई' पोचलं असणार. तेवढंच तो मोठ्याने म्हणायचा. आता विचार करते तसं लक्षात येतं, नेहमी तेवढंच मोठ्याने म्हणायचा. मला साक्षीला उभं करायचा आणि मी खुशाल साक्ष देत होते.

मी त्याच्याशी बोलले. केस मागे घेतले, यंत्र दाखवलं. म्हटलं, "महिन्याभरापासून घालतेय. त्या शुक्रवारी जेवताना काय म्हणालास, ते पुन्हा म्हण. मोठ्याने."

तो क्षणभर पांढरा पडला. मग खुर्ची ओढून माझ्याजवळ बसला, हात हातात घेतला. "आई, अगं त्या यंत्रात काहीबाही ऐकू येतं. सगळ्यांचंच होतं सुरुवातीला. त्यात तुझं विसरणं. तूच तुझ्या मनाने वाक्यं जुळवतेस."

"आणि तुझी बायको? तीही मनाने जुळवत होती?"

"तिचं सोड. तिने तर कोर्टात तुझ्याबद्दलही काय काय सांगितलं होतं. आई, तू दमलीयस. उद्या मी डॉक्टरांना फोन करतो."

इतक्या मायेने बोलला गं. आणि खरं सांगते, मी घाबरले. त्या बाईच म्हणाल्या होत्या ना, मेंदू तुकड्यांवरून अंदाज बांधतो. मग हेही अंदाजच असतील तर? तुझं पत्र उशाला आहे. ते पुन्हा पुन्हा वाचते तेव्हा खरं वाटतं, आणि तो सकाळी विचारतो, "झोप लागली ना?" तेव्हा खोटं वाटतं.

आज दोन्ही यंत्रं काढून ठेवलीत. शांत आहे सगळं. या शांततेत किती बरं वाटतं, तेही तुला सांगून टाकते.


९ मे

मागचं पत्र वाचून तू काळजीत पडलीस आणि थेट फोन केलास. पहिल्यांदा फोनवर तुझं सगळं ऐकू आलं. फोन यंत्रांना जोडून घेतलाय, म्हणून तेवढ्यापुरती ती घातली; आवाज थेट कानात येतो. तू म्हणालीस, "तुमच्या मेंदूवर माझा विश्वास आहे, तुम्ही नका ठेवू हवं तर." हसू आलं, आणि तेव्हापासून यंत्रं काढून ठेवली नाहीत.

मुलगा माल आणायला गेला होता तेव्हा मी माउंटवालीसमोर जाऊन बसले. म्हटलं, "तो तुला तुझ्या नवऱ्यावरून बोलतो ना?"

तिची सुरी थांबली. "काकू, तुम्हाला ऐकू येतं?"

"आता येतं."

"म्हणजे आधी येत नव्हतं?"

"नाही."

ती पुठ्ठ्यांच्या थप्पीवरच बसली. हसायला लागली, मग डोळे पुसायला लागली. "मला वाटायचं तुम्हाला पटतं त्यांचं. तुम्ही आतून मान हलवायचात. म्हणून मी कधी बोलले नाही."

तू, मग ही. आणखी किती जणांना मी नुसती मान हलवून उत्तरं दिली असतील?

त्यानंतर मी एकटीच त्या विसरण्याच्या डॉक्टरांकडे गेले. मुलाने फोन करतो म्हटलं होतं, केला नव्हता. पुन्हा पाच शब्द, या वेळी नुसते कानाने. पाचही बरोबर म्हणून दाखवले. नंतर विचारलं तेव्हा चार आठवले. पाचवा काही केल्या येईना. बाई म्हणाल्या, "हे मात्र खरंखुरं विसरणं. तुमच्या वयाला शोभेल इतकंच." मी त्यांना सगळं सांगितलं आणि विचारलं, माझा मेंदू वाक्यं जुळवत असेल का? त्या म्हणाल्या, "पुढच्या पाच वर्षांचं मी सांगू शकत नाही. पण आज तुम्ही नीट ऐकता, नीट विचार करता. आणि दोन बायका तेच सांगताहेत."

घरी येऊन मी त्याला वर बोलावलं. या वेळी हात हातात घेऊ दिला नाही.

म्हटलं, "दुकान माझं आहे आणि डोकंही शाबूत आहे. काउंटरवर उद्यापासून मी बसणार. तू तुझं काम शोध, जागा शोध."

तो उठून उभा राहिला. मग म्हणाला, आणि या वेळी आवाज खरंच चढला, "बाबा तुझ्याशी असेच बोलायचे! तेव्हा तुला चांगलं ऐकू यायचं. तेव्हा तू काय केलंस?"

हे मी तुला लिहिणार नव्हते. पण तू त्या घरात राहिलीस, तुला कळलेलं बरं. त्याचे वडील असेच बोलायचे, हळू आवाजात, लोकांसमोर हसत. तो तेव्हा भिंगरीएवढा होता, आमच्या दोघांच्या मध्ये जेवायला बसायचा. पुढे ते गेले, मग माझे कान गेले, आणि खरं सांगायचं तर मला काही वाईट वाटलं नाही. मी यंत्र नको म्हणत होते ते चष्म्याच्या आणि म्हातारपणाच्या गोष्टी सांगून. कारण हे होतं.

मी त्याला म्हटलं, "मी ऐकलं आणि गिळलं. तू ते बघून शिकलास. आता मी गिळत नाही, तेही बघ."

तो गेला. दार हळूच लावलं, तरी कडीचा आवाज आला. मी खूप रडले. माझा मुलगा आहे तो.


२१ जून

तुम्ही दोघी दोन दिवस येऊन गेलात आणि घर अजून तुमच्याच आवाजात आहे.

भिंगरी किती बोलते! पूर्वीही बोलत असणार. तिच्या मास्तरांची नक्कल, मैत्रिणीच्या मांजराचं बाळंतपण, सगळं ऐकलं. मध्ये मी विचारलं, "मग चौथं पिल्लू कुणी नेलं?" तर ती बोलायची थांबली आणि तुला म्हणाली, "आई, आजीने प्रश्न विचारला!" जणू भिंतच बोलली. लक्षात आहे ना तुझ्या, तू तोंड फिरवून खिडकीबाहेर बघत होतीस?

इकडचं सांगते. माउंटवाली आता पुढे माझ्याबरोबर काउंटरवर बसते. बोलते म्हणजे काय, ऐकून संपत नाही! गर्दीच्या वेळी दोन-तीन गिऱ्हाइकं एकदम बोलली की माझा अजून गोंधळ होतो. मग मी सरळ सांगते, एकेकाने बोला, मला कमी ऐकू येतं. कुणाला त्यात काही वाटत नाही. मलाच वाटायचं. पूर्वी दिवेलागणीला डोकं बंद पडायचं, आता माउंटवाली जेवायला थांबली की रात्री आम्ही दोघी पत्ते खेळतो आणि पडून गेलेली पानं मला ध्यानात राहतात. ती म्हणते मी लबाडी करते.

मुलगा एका काचेच्या वखारीत कामाला लागलाय. महिनाभर फिरकला नव्हता. गेल्या रविवारी आला. एक वाक्य त्याच्या जुन्या आवाजात सुरू झालं, तशी मी म्हटलं, "ऐकू आलं नाही, मोठ्याने बोल." तो अर्ध्यात थांबला, विचार केला, आणि मोठ्याने म्हणाला, "काही नाही. चहा टाकू का?" मनाच्या एका डॉक्टरांकडे जायला लागलाय, असं जाताना पुटपुटला. जाईल किंवा नाही जाणार. तुझ्या वाट्याचं तुला परत मिळणार नाही, ते मला कळतं, आणि मी तुझ्याकडे त्याची रदबदली करणार नाही. भिंगरीने त्याला कधी आणि किती भेटायचं, ते तू ठरव.

आता मुद्द्याचं, ज्यासाठी हे पत्र लिहायला बसले. काल बस सुटताना तू खिडकीतून वाकून मला काहीतरी म्हणालीस. इंजिन घरघरत होतं, मागचा कंडक्टर ओरडत होता, आणि यंत्रं असली तरी एवढ्या गदारोळात माझा मेंदू अजून कच्चाच आहे. तुझे ओठ हलताना दिसले, शेवटी 'आई' असल्यासारखं वाटलं, मधलं सगळं गेलं. तू बोलून झाल्यावर माझ्याकडे बघत होतीस. माझी मान हलायला निघाली होती, मी ती हाताने धरली म्हटलं तरी चालेल. हात कानाला लावून ओरडले, "ऐकू नाही आलं!" पण बस वळली होती.

अंदाज बांधता येईल मला. पण बांधायचा नाहीये.

काय म्हणालीस, ते पुन्हा सांग.